नीकॅप मालवणला जाऊन आली

माझा डावा गुडघा आमच्या घरात सगळ्यांच्या सोयीने दुखतो. वेदूला कडेवर घेऊन तीन जिने चढायचे असले की तो ठणठणीत असतो. दळण आणायचं असलं, गॅसवाल्याची वाट बघत खाली ताटकळायचं असलं, तरी त्याला काही धाड भरलेली नसते. पण मी म्हटलं, चार दिवस मालवणला जाऊन येते, समुद्रात उतरून येते, की लगेच माझ्या लेकाच्या तोंडून निघतं, "आई, अगं तुझ्या गुडघ्याचं काय?"

आता तुम्ही म्हणाल, साठीला टेकलेली बाई समुद्रात कशाला उतरायला निघाली. सांगते.

मी चंद्रभागा. सातपूरला एका कारखान्यात सव्वीस वर्षं चेकिंगला होते. भिंतीवरची लाइटची बटणं बनायची तिथे. बटण दाबायचं, दिवा लागला तर हिरवं स्टिकर, नाही लागला तर लाल. आठ तास उभ्याने. स्टूल मागितलं तर सुपरवायझर म्हणायचा, बायका बसल्या की पेंगतात. मेल्याला स्वतःला फिरती खुर्ची होती. त्या उभं राहण्यावर आमच्या दीपकचं इंजिनिअरिंग झालं आणि त्यातच माझा गुडघा गेला. दीपकचे पप्पा जाऊन सहा वर्षं झाली. आता घरात मी, दीपक, सून सायली आणि अडीच वर्षांची नात वेदिका. दोघं सकाळी आठला नोकरीला बाहेर पडतात ते संध्याकाळी सातला उगवतात. मधले अकरा तास वेदू आणि मी.

रिटायर झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मावशी, ऑपरेशन टाळायचं असेल तर पोहायला जा. पाण्यात गुडघ्यावर वजन येत नाही. पोहायला शिकवतात बायकांना."

मला शिकवतात! मला हसूच आलं. माझं माहेर दिंडोरीकडचं. आठव्या वर्षी वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं, आणि दहाव्या वर्षी मी काठावरून सूर मारून तळातली घागर वर आणत होते. लग्न होऊन नाशकात आले आणि त्यानंतर अडतीस वर्षं पाणी पाहिलं ते बादलीतलं.

गंगापूर रोडला एका क्लबचा टँक आहे, तिथे दुपारी बायकांची बॅच असते. वेदू दुपारी झोपली की शेजारच्या लताबाईंना बसवायचं आणि सिटी बस पकडायची. पहिल्या दिवशी पाण्यात उतरले आणि गुडघा आहे का नाही तेच कळेना. काय सांगू तुम्हाला, मी टँकच्या मधोमध उताणी पडून रडले. पाण्यात रडलेलं कुणाला दिसत नाही, ते एक बरं असतं.

तिथेच मला तृप्ती भेटली. अठ्ठावीस-तीसची पोरगी, पेठ तालुक्यातली, उन्हात रापलेली, दंड असे की गव्हाचं पोतं सहज उचलेल. ती रविवारी त्याच टँकमध्ये स्कूबा शिकवायची. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पायांत रबरी पंख. पावसाळाभर शिकवायचं आणि दिवाळीनंतर मालवणला मुक्काम हलवायचा, तिथे समुद्रात माणसं उतरवायची. जानेवारीत नाशिकची तुकडी तिकडे न्यायची, असा तिचा नेम.

मी काठावर बसून बघायचे. एका रविवारी ती म्हणाली, "काकू, नुसतं बघता काय? या की."

"गुडघा आहे गं बाई."

"तो सगळ्यांनाच असतो. या."

पाण्याखाली श्वास घ्यायचा म्हणजे काय, ते घेतल्याशिवाय कळायचं नाही. विहिरीत आम्ही श्वास कोंडून जायचो. इथे उलटं. कोंडायचा नाही, काही झालं तरी श्वास चालू ठेवायचा. पहिल्यांदा नळीतून हवा आली आणि मी तळाशी बसून राहिले. वर सगळं जग, दळण, गॅस, कुकरच्या शिट्ट्या. खाली फक्त माझा श्वास. तृप्तीने अंगठा आणि बोट जुळवून गोल करून विचारलं, ठीक आहे का? मीही गोल केला. पाण्यात अंगठा दाखवायचा नसतो बरं का. अंगठा म्हणजे मला वर न्या. माझा अंगठा काही वर जायला तयार नव्हता.

अडचण यायची ती बाहेर निघताना. पाठीवर ते धूड घेऊन लोखंडी शिडी चढायची म्हणजे गुडघा नाही म्हणायचा. मी आपली औषधाच्या दुकानातून आणलेली नीकॅप घालून गेले. पाण्यात तिचे चिकटपट्टे सुटले, एक पट्टा पायातल्या पंखाला जाऊन चिकटला आणि आतली लोखंडी पाती पोटरीला टोचायला लागली. तृप्ती हसली नाही. म्हणाली, "काकू, हिच्यातलं लोखंड काढा, चिकटपट्टे काढा. आवळून बांधू नका, पाऊल बधिर होतं आणि मग खाली काय बिघडलंय तेच कळत नाही. पाय मारताना गुडघ्यातून नाही, मांडीतून मारा. आणि शिडीपाशी सिलिंडर माझ्याकडे द्यायचं, मग चढायचं. एवढं केलं की तुमचा गुडघा समुद्रात माझ्यापेक्षा चांगला चालेल."

घरी येऊन मी नीकॅप उसवली. पाती काढली, पट्टे कापले, कडा दुमडून जाड लाल दोऱ्याने शिवून टाकली. निळ्या रबरी कापडावर लाल टाके, दिसायला गोधडीच. पण अशी बसली गुडघ्यावर की पुढचे तीन महिने दर रविवारी तीच घालून मी पाण्यात गेले आणि एकदाही हलली नाही. तृप्तीने तिला नाव ठेवलं, काकू मेड.

जानेवारीच्या तुकडीत माझं नाव घातलं, पैसेही भरले. जन्मात पहिल्यांदा मी घरात सांगितलं, मला विचारायचं नाहीये, मी जाते आहे. सायली म्हणाली, "वा आई, भारीच!" दीपक नुसतं जेवत राहिला. मग म्हणाला, "आई, तुझ्या गुडघ्याचं काय?"

"तृप्ती चालेल म्हणालीय."

"आणि त्या चार दिवसांत वेदूचं काय?"

"लताबाई दोन दिवस बघते म्हणाल्या. उरलेले दोन तुम्ही बघा. मुलगी तुमची आहे."

तो हसला. हसला म्हणून मला बरं वाटलं. आईला काय, पोरगं हसलं की झालं.

मग मेडिकलचा फॉर्म आला माझ्या फोनवर. सगळा इंग्रजीत. आमच्या घरात असं आहे, की माझा फोन वाजला की मी तो दीपककडे देते. ओटीपी आला, दे. बँकेचं काही आलं, दे. "आई, तुला नाही कळायचं ते," असं तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मला आराम वाटला होता, आणि मग त्याची सवयच लागली. सव्वीस वर्षं इंग्रजी लेबलं वाचून माल पास-नापास करणारी बाई मी, पण लेकापुढे अडाणी होऊन बसले. चूक माझीच. "दे, मी भरतो," म्हणाला. मी कणीक मळत होते, हात भरलेले. दिला फोन.

आठ दिवसांनी दीपक ऑफिसातून आला, माझ्याजवळ बसला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "आई, त्यांचा निरोप आला. नाही घेत तुला. गुडघ्यामुळे."

"तृप्ती म्हणाली होती की—"

"तृप्तीच्या हातात नसतं गं ते. वरचे लोक नाही म्हणाले."

तृप्ती तेव्हा मालवणला गेलेली होती. तिला फोन करावा, असं दोनदा मनात आलं. पण काय तोंडाने करणार? पोरगी भिडेपोटी गोड बोलली असेल, असं धरून चालले. त्या रात्री मी गुडघ्याला अशा शिव्या घातल्या, अशा शिव्या घातल्या, की काय सांगू. तेल लावायचं बंद केलं. म्हटलं, सड मेल्या.

आठवडाभराने दीपक म्हणाला, "आई, तुझी जागा वाया जाते आहे. पैसे काही परत मिळत नाहीत. मी जाऊन येऊ का? ऑफिसात सुट्टीही शिल्लक आहे."

मी म्हटलं, जा. काय म्हणणार? माझं पोर जाईल, येऊन मला सांगेल, तेवढं तरी.

"आणि आई, तुझी ती नीकॅप देशील का? बॉक्स क्रिकेटमध्ये गुडघा मुरगळलाय माझा. पाणीबिणी म्हटलं की भीती वाटते जरा."

त्याने त्याच्या फॉर्मवर गुडघ्याचं लिहिलं की नाही, ते मी विचारलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. मी खाली बसले, होय, त्याच गुडघ्यावर बसले, त्याच्या पायात नीकॅप चढवली, दोन बोटं आत जातात का बघितलं. त्याची मांडी जाड, म्हणून एका बाजूचे टाके उसवून दोन बोटं रुंद करून पुन्हा शिवून दिली. लाल दोराच घातला. पाय मांडीतून मार म्हणाले. श्वास कोंडू नको म्हणाले. सगळं सगळं सांगितलं त्याला. तो फोन बघत होता.

तो गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी फोटो आला. निळं पाणी, मागे पिवळे मासे, आणि मधे माझा लेक. पाण्यात घालायचा आखूड सूट, गुडघ्यावर माझी नीकॅप, लाल टाके स्पष्ट दिसत होते. आणि अंगठा दाखवलेला! मी वेदूला म्हटलं, बघ गं, तुझा बाप मला वर काढा म्हणतोय. काढलंही असेल लगेच. तरी फोटो मी चार वेळा बघितला. मासे बघितले, त्यांच्यामागची खडकाची कपार बघितली. तिथे मी असणार होते.

दुपारी फोन वाजला. तृप्ती.

"काकू! तुमची नीकॅप आली आणि तुम्ही नाही आलात! होडीवर एकाच्या गुडघ्यावर लाल टाके दिसले, म्हटलं, हे काकू मेड! तेव्हा कळलं तुमचा मुलगा म्हणून." मग तिचा आवाज खाली आला. "काकू, मी तुम्हाला फोन करणारच होते, पण धीर होईना. बऱ्या आहात ना? कधीपासून येतात फिट?"

"काय येतात?"

"फिट. आणि छातीत दुखतं ते. तुम्ही मला टँकमध्ये बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही, म्हणून जरा राग आला होता माझा मला. मी तुम्हाला एवढं पाण्याखाली ठेवलं, काही झालं असतं तर?"

मी म्हटलं, "तृप्ती, माझा गुडघा चालला नाही ना?"

"गुडघा? गुडघ्याचं कोण विचारतंय, काकू? फॉर्मवर गुडघा लिहिलेलाच नाही."

वेदू झोपली होती. मी खुर्चीवर बसले आणि फोनमधली ईमेल उघडली. मला येत नाही म्हणतात ना, उघडली. फॉर्मची कॉपी तिथेच होती, दीड महिना माझ्याच फोनमध्ये. एकेक ओळ वाचली, चेकिंगला असल्यासारखी. छातीत दुखणे, हो. चक्कर, हो. फिट येणे, हो. गेल्या वर्षभरात, हो. आणि खाली कुणीतरी चार ओळी टाइप केल्या होत्या, की पेशंटला स्वतःच्या आजाराची पूर्ण कल्पना नाही, तरी तिच्याशी थेट न बोलता मुलाच्या नंबरवर संपर्क करावा.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. नाही म्हणायचं होतं तर तोंडावर नाही म्हणायचं होतं! "आई, वेदूला कुणी नाही, नको जाऊस," एवढं म्हणाला असता, तर मी थांबले असते हो. आजवर कशाला थांबले नाही मी? पण ते मागायलासुद्धा जड गेलं याला. त्याने माझ्या अंगाला आजार चिकटवले, जसं मी बटणांना लाल स्टिकर लावायचे. मी निदान दाबून बघायचे आधी.

तृप्तीला पुन्हा फोन केला आणि सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "काकू, छातीचं असतं तर डॉक्टरांच्या पत्राने सुटलं असतं. पण फिट एकदा लिहिली की हे लोक पुन्हा नाव घेत नाहीत. खोटं लिहिलं होतं म्हटलं तर म्हणतील, आता खोटं बोलताय. मला टँकमध्येसुद्धा सिलिंडर देता येणार नाही तुम्हाला. माझी नोकरी जाईल." आणि ती पोरगी रडायला लागली. मीच तिची समजूत काढत बसले.

दीपक रविवारी दुपारी आला. काळवंडलेला, खुशीत. काजूच्या पिशव्या, कोकमाच्या बाटल्या. पिशवीतून ओली नीकॅप काढून माझ्या हातात दिली. "मस्त उपयोग झाला, आई. तुझ्या हाताला तोड नाही."

मी त्याला एक संधी दिली. देवाशपथ सांगते, दिली. म्हटलं, "दीपक, मला नेमकं कशामुळे नाही घेतलं रे त्यांनी?"

तो बूट काढत होता. वर न बघता म्हणाला, "सांगितलं ना आई, गुडघ्यामुळे."

मी मोरीत गेले. नीकॅप बादलीवर धरून पिळली. चार-सहा थेंब पडले, थोडी वाळू पडली. बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट. अडतीस वर्षांनी मला पाणी मिळालं होतं, आणि समुद्र मिळाला तो एवढा. मग मी नीकॅप गोड्या पाण्याने दोनदा धुतली आणि दोरीवर वाळत टाकली. वस्तूवर कशाला राग काढायचा?

सोमवारी सकाळी आठला रोजच्यासारखी घाई. दीपक बूट घालून दारात, सायली एका हातात डबा, दुसऱ्या हातावर वेदू. "आई, घ्या हिला, मला उशीर होतोय." वेदूने माझ्याकडे दोन्ही हात केले. "आजी, घे."

मी स्टुलावर बसले होते. उठले नाही. हात पदराखाली घेतले.

"नको गं सायली. मला फिट येतात."

"काय?"

"फिट. वर्षभरापासून. छातीतही दुखतं, चक्कर येते. मला स्वतःला कल्पना नाही, पण लिहून दिलंय ना आमच्या इंजिनिअरांनी. अशा बाईजवळ अकरा अकरा तास लेकरू एकटं ठेवायचं? हातातून पडलं तर?" मी फोन तिच्यापुढे धरला. फॉर्म उघडूनच ठेवला होता.

सायलीने वाचलं. मग तिने दीपककडे जे बघितलं, ते बघून मला समजलं, की तिला यातलं काही माहीत नव्हतं. दीपक आधी लाल झाला, मग पांढरा.

"आई, काळजीपोटी केलं गं मी. तुला काही झालं असतं तर—"

"मला फिट येते का, दीपक?"

"नाही येत. तुला माहितीये."

"मग तसं त्यांना लिहून दे. लिहून दे, की मी खोटं लिहिलं. बस इथे आणि माझ्यासमोर लिही."

तो बूट घालून तसाच उभा राहिला. लिहिलं तर ते त्याचाही फॉर्म तपासणार आणि त्याचंही नाव कायमचं काढणार, त्यावर त्याने मुरगळलेला गुडघा कुठे लिहिला असणार? मला तेव्हा कळलं. मिनिटभर वाट बघितली मी. त्याने खिशातून फोन काढला. मला वाटलं, लिहितोय. त्याने ऑफिसला फोन लावला आणि सांगितलं, आईची तब्येत बरी नाही, आज येत नाही.

सायली वेदूला त्याच्या हातात देऊन जिना उतरून गेली. मी स्टुलावरच बसून राहिले. वेदू बापाच्या खांद्यावरून माझ्याकडे हात करून रडत होती, आजी घे, आजी घे म्हणत. मी हात पदराखालून बाहेर काढले नाहीत. ती अडीच वर्षांची आहे, तिला फॉर्म कुठे वाचता येतो.